नळी घरी आल्यावर

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुणीतरी लघवीची नळी लावून बाजेवर आहे, म्हणून तर भर उन्हात आलात. माझं सारं आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून गेलं. पण आज सांगणार आहे ती चूक माझ्या घरची आहे.

बाबांना दवाखान्यातून सुट्टी मिळाली. जीपमध्ये बसवताना भावानं नळीला जोडलेली लघवीची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वर टॉवेल टाकला, चारचौघांना दिसू नये म्हणून. मी पुढच्या सीटवर होते. गाव येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. नळीत साचलेली लघवी सगळ्या वाटेत परत आत उतरत होती. तिसऱ्या रात्री त्यांना हुडहुडी भरली. कारण तेवढं एकच होतं असं मी म्हणणार नाही, पण तो टॉवेल अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पिशवी कायम कमरेच्या खाली. कूस बदलताना, उठवताना, गाडीत, कधीही. आपल्या बाजा ठेंगण्या. भरलेली पिशवी भुईला टेकते. खाली धुतलेलं घमेलं ठेवा. नळीला पीळ पडू देऊ नका आणि ती मांडीला चिकटपट्टीनं सैलसर बांधा. आत मूत्राशयात पाण्यानं फुगवलेला फुगा असतो, बहुतेकदा 10 मिलीचा. फुगा तसाच असताना भ्रमात म्हाताऱ्या माणसानं नळी ओढली, तर आतून फाटतं, रक्त येतं.

पिशवी गच्च भरायची वाट पाहू नका, निम्म्याहून जरा जास्त झाली की रिकामी करा. आधी साबणानं हात धुवा. तोटीचं तोंड भांड्याला लागू देऊ नका. ते भांडं दुसऱ्या कशाला वापरू नका. झालं की पुन्हा हात धुवा. नळी आणि पिशवीचा जोड मात्र उगाच उघडायचा नाही. जंतू तिथूनही आत शिरतात.

रोज साध्या साबण-पाण्यानं पुसा, अंगाकडून बाहेरच्या बाजूला. बायकांना पुढून मागं. पुरुषांची पुढची कातडी मागं घेतली असेल, तर पुसून झाल्यावर आठवणीनं पुढं आणा, नाहीतर ती सुजून अडकते. हे सांगायला लाजू नका, सुनेनं करायचं असेल तरी. डेटॉल, पावडर नको.

आता पाण्याचं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली माणसं आपण. पाणी जपायची सवय हाडात मुरलीय. त्यात ‘कमी प्यायलं की पिशवी कमी भरते’ असंही घरचे म्हणतात. तसं करू नका. लघवी गडद झाली, गाळ धरला, की नळी तुंबते. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर दिवसभर घोट घोट देत राहा. शौचाला कडक होत असेल तर तेही सांगा, त्याच्या दाबानंसुद्धा नळी अडते.

महिनाभर नळी राहिली की तपासणीत जंतू बहुतेक सापडतातच. ताप नाही, दुखणं नाही, तर रिपोर्ट पाहून मनानं गोळ्या आणू नका. पण तीन-चार तास थेंब आला नाही, ओटीपोट टणक झालं, थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि घरी गेल्यावर सुट्टीचा कागद काढा. नळी कधी टाकली, कधी बदलायची, हे त्यावर नसेल तर उद्या जाऊन लिहून आणा. ती अजून लागतेच का, हेही तिथंच विचारा.