पेन्शनच्या रेकॉर्डमधलं एक वर्ष किती रुपयांचं?

नमस्कार मंडळी. आज आधी गणित, मग गप्पा.

समजा, भोसरीतले एक काका आहेत. पहिलं वर्ष एका छोट्या वर्कशॉपमध्ये काढलं, मग १९ वर्षं दुसऱ्या कंपनीत. पीएफ दोन्हीकडे कापला गेला, म्हणजे ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन लागू. पण वर्कशॉपचं ते जुनं खातं पुढच्या खात्याला कधी जोडलंच नाही.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. काकांचा पेन्शनपात्र पगार १०,००० धरा. १९ वर्षांचे झाले २,७१४ रुपये.

आता ते हरवलेलं वर्ष जोडलं. सेवा २० वर्षं. आणि २० वर्षं भरली की २ वर्षं बोनस म्हणून मिळतात, म्हणजे हिशोब २२ वर्षांचा. झाले ३,१४३. रेकॉर्डमध्ये वर्ष आलं एक, पेन्शनमध्ये मोजली गेली तीन! दर महिन्याला ४२९ रुपये, तेही हयातभर.

यात एक मेख आहे. काकांनी वर्कशॉप सोडताना १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर ते वर्ष गेलं. आता जोडता येत नाही. तेव्हा हातात पडलेल्या चार पैशांत बहुतेक घरात एखादा मिक्सर आला असेल.

आणि हो, १०,००० हा हातात पडणारा पगार नव्हे. शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी घेतात, तीही मर्यादेत. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा, नंतरच्या सेवेला १५,००० ची. ज्यांनी जादा पगारावर पेन्शनचा पर्याय घेतलाय, त्यांचं प्रकरण वेगळं, ते आज नको.

याहून मोठी उडी १० वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. साडेनऊ वर्षं भरली की ती १० धरतात आणि महिन्याची पेन्शन सुरू होते. नऊ वर्षं चार महिने असतील तर एकरकमी पैसे घ्या आणि घरी जा. रेकॉर्डमधले दोन महिने आयुष्यभराच्या पेन्शनएवढे महाग पडू शकतात. म्हणून पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे तुमच्या नोकऱ्यांची नोंद, उघडून रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख बघा. बिनपगारी दिवसांचा रकाना तर नक्की बघा. कंपनीने तिथे चुकीचा आकडा भरला, तर तेवढे दिवस सेवेतून वजा होतात.

पीएफ ट्रान्सफर केल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोक घाबरतात. तिकडे पेन्शनचे पैसे जात नाहीत, सेवेची नोंद जाते. तेव्हा सेवेच्या तारखा पोचल्या का, ते तपासा.

आता जन्मतारीख. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, सांगायला नको. गुरुजींनी शाळेत घातली ती तारीख! पेन्शन ५८ व्या वर्षी लागते. रेकॉर्डवर तुम्ही खऱ्यापेक्षा एक वर्षाने लहान असाल, तर १२ हप्ते उशिरा सुरू होतात. उलट, रेकॉर्डवर मोठे असाल आणि तारीख नंतर दुरुस्त झाली, तर ५८ च्या आधीच पेन्शन घेतल्यासारखं होतं, आणि मुदतपूर्व पेन्शनला दर वर्षामागे ४ टक्के कात्री आहे. तेव्हा दुरुस्ती म्हणजे दर वेळी फायदाच, असं नाही. अर्ज करण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला पुढ्यात घेऊन हिशोब मांडा.

सरकारी पेन्शनरांना भीती वेगळ्या कात्रीची, वसुलीची. सेवापुस्तकात पगारनिश्चिती चुकली होती, असं निवृत्तीनंतर कळतं आणि वसुलीचं पत्र येतं. इथे सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह खटल्यातला निकाल कामाला येतो. निवृत्त झालेल्यांकडून, वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून आणि वर्ग ३ व ४ च्या कर्मचाऱ्यांकडून अशी जादा रक्कम वसूल करू नये, असं त्यात आहे. पण हे मागच्या वसुलीपुरतं. चुकीचा आकडा पुढेही तसाच चालू राहील, या भ्रमात राहू नका.

आणि २०१६ मध्ये जगदेव सिंग खटल्यात न्यायालयाने वसुली मान्य केली, कारण जगदेव सिंग या न्यायिक अधिकाऱ्याने जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेलं होतं. वेतन आयोग लागू होताना तुम्हीही घाईघाईत असल्या कागदावर सही केली असेल. त्याची झेरॉक्स कुठल्या फाईलमध्ये आहे, ते आज संध्याकाळीच शोधा.