आडवी गाडी : १९२९ चा पहिला लीग मोसम

(दृश्य : वळण. संथ गतीत एक स्वार.)

वळण डावीकडे आहे. गाडीचं पुढचं चाक मात्र उजवीकडे वळलंय, आणि मागचं चाक बाहेर फेकलं जातंय. पडला आता, असं आपल्याला वाटतं. तो पडत नाही. गाडी त्याने मुद्दाम घसरवली आहे. हा स्पीडवे, मोटरसायकल शर्यतींचा खेळ; डर्ट ट्रॅक हे त्याचं तेव्हाचं नाव.

पावसाळ्यात घाटात मागचं चाक जरा सरकलं तरी आपलं बोट आपसूक ब्रेकवर जातं. या गाडीला ब्रेकच नाही. वेग मोडायचा तर गाडी आडवी करायची, दुसरा उपाय नाही.

(दृश्य : माणसं ट्रॅक सपाट करताहेत.)

ही जमीन बघा. कोळसा जळून उरलेली दाणेदार खंगर आहे ही. चाकाला पकड मिळते, पण अर्धीमुर्धी. थ्रॉटल पिळला की मागचं चाक गरगरा फिरतं, पकड सोडतं आणि बाहेर धावतं. त्याच क्षणी हँडल उलट्या बाजूला घ्यायचं. डावा पाय जमिनीवर ओढत न्यायचा; बुटाखाली त्यासाठी पोलादी तळ बांधलेला असतो. थ्रॉटल जास्त झाला तर गाडी गोल फिरून पडते. एकदम सोडला तर चाक झटक्यात पकड घेतं आणि स्वार कुंपणाकडे उडतो. या दोन चुकांमधली जागा बोटभर, आणि ती सांभाळायची उजव्या मनगटाने. प्रत्येक वळणावर, शेजारी तिघे आणि तोंडावर खंगर उडत असताना.

(दृश्य : डग्लस गाडी, जवळून.)

लांब, बुटकी गाडी. इंजिनाचे दोन सिलिंडर एकामागे एक, जमिनीलगत निजलेले. ही डग्लस, ब्रिस्टलजवळच्या किंग्सवुडची. पाय मागे सोडून गाडी लोळवणाऱ्यांची ही लाडकी. १९३० नंतर जॅप कंपनीच्या हलक्या इंजिनांनी तिला मागे टाकलं.

(दृश्य : फलक, तिकीट खिडकी, गर्दी.)

हा खेळ इंग्लंडात आला ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडला जॉनी हॉस्किन्स यांनी डिसेंबर १९२३ मध्ये विजेच्या दिव्यांखाली अशा शर्यती भरवल्या होत्या. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या एपिंग जंगलात, हाय बीचला शर्यत झाली आणि लोक लोटले. त्या वर्षी लोक नावं ऐकून येत. ऑस्ट्रेलियाचा व्हिक हक्सली, अमेरिकेचा स्प्राउट्स एल्डर. १९२९ ला लीग आली आणि स्वाराच्या छातीवर संघाचा रंग चढला. दक्षिणेत सदर्न लीग, उत्तरेत इंग्लिश डर्ट ट्रॅक लीग. प्रत्येक शर्यतीत दोन संघांचे दोन-दोन स्वार. आपला माणूस दुसरा आला तरी आता त्याचा गुण मोजला जाऊ लागला. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला गल्लीजवळच स्वतःचा संघ मिळाला. फुटबॉलचं वेम्ब्लीही यात उतरलं.

(दृश्य : हेल्मेट काढणारी तरुणी. इथे चित्र थांबू द्यावं.)

ही फे टेलर. आयर्लंडमधल्या बर गावची. तिचा हात बघा, खांदा नका बघू. गाडी वळणात शिरते तेव्हा ती हँडलशी झटत नाही. थ्रॉटल उघडते आणि गाडीला जाऊ देते. ताकदीचा खेळ म्हणणाऱ्यांनी ही फीत पुन्हा पुन्हा पाहावी. १९२९ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात जाऊन ती तिथल्या पुरुष स्वारांशी भिडली. यॉर्कशायरमधल्या बेडेलची इव्हा ॲस्क्विथही याच खेळातली स्वार.

१९३० ला इंग्लंडात बायकांना ट्रॅक बंद झाला.

(दृश्य : दिव्यांखालची शर्यत, मग चषक.)

१९२९ ला 'द स्टार' या लंडनच्या वृत्तपत्राच्या स्पर्धेत परदेशी स्वारांची वेगळी फेरी ठेवावी लागली. ते इतके पुढे होते. त्यांच्यात फ्रँक आर्थर जिंकला, इंग्लिश स्वारांत रॉजर फ्रॉग्ली. सदर्न लीग स्टॅमफर्ड ब्रिजने घेतली, उत्तरेची लीड्सने. उत्तरेत काही संघ मोसम अर्ध्यावर सोडून गेले. त्या वर्षांत काही स्वार जीवानिशी गेले.

(दृश्य : आजचं मँचेस्टर. चार गाड्या सुरुवातीच्या फितीपाशी.)

मोसम सोडणाऱ्यांत मँचेस्टरचं बेल व्ह्यूही होतं. तेव्हा ते प्राण्यांच्या बागेच्या आवारात धावत असे. आज गॉर्टनमधल्या २०१६ साली उघडलेल्या मैदानावर धावतं. खंगर गेली, तिच्या जागी आता लालसर भुसभुशीत दगडाचा थर आहे. फीत वर जाते, चौघे पहिल्या वळणात शिरतात, आणि पुढची चाकं उजवीकडे वळतात.