नळाची चावी, ठिबकची नळी आणि निळा प्रकाश

(काळा पडदा. फक्त आवाज.)

आधी हे ऐका.

ही डीपीची, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, घरघर आहे. केळीच्या बागेशेजारी, रस्त्याच्या कडेला उभं राहून साध्या मोबाइलवर टिपलेली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून कानाला लागतो तो १०० हर्ट्झचा सूर. हा सूर आता घरी बनवायच्या एका तलवारीत भरायचा आहे.

(दृश्य : अंधारी खोली. निळं पातं मुठीपासून टोकापर्यंत पेटत जातं.)

लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मधलं हे हत्यार पडद्यावर दूरच्या आकाशगंगेतलं असलं, तरी बनलं होतं जुन्या सामानातून. नायक ल्यूकच्या हातातली मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी, सेल घालायची नळी. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनच्या एका कॅमेऱ्यांच्या दुकानात मिळाली. त्यांनी तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगाची पट्टी बसवली. त्याच्या म्हाताऱ्या गुरूची, ओबी-वानची मूठ तर आणखी भारी. तिच्यात जेट इंजिनाच्या नळीचा तुकडा आहे, पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा भाग आहे, आणि बुडाशी चक्क पाण्याच्या नळाची चावी.

म्हणून तयार किट मागवायची गरज नाही. पाइप आणि भंगार, दोन्ही जळगावात मुबलक आहेत.

(दृश्य : शेतीसाहित्याचं दुकान. छतापर्यंत पाइप, काळ्या नळीची वेटोळी.)

“कितला मीटर देऊ, भाऊ?” मीटर नको, फूटभर पुरे. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ३० सेंटिमीटर लांब. विहिरीच्या मोटारीला लागतो तोच. हा आकडा बाहेरच्या व्यासाचा. आतली पोकळी भिंतीच्या जाडीवर ठरते, म्हणून जास्त दाबाचा, जाड भिंतीचा पाइप घेऊ नका, पातळ घ्या. लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो नॅनो बोर्ड १८ मिलिमीटर रुंद, स्पीकर २८ मिलिमीटरचा. सगळं ओळीने आत सरकतं. पाइपासोबत ४० बाय २५ चा रिड्यूसर (जाड पाइपाला बारीक जोडणारा तुकडा), एक एंड कॅप आणि १६ मिलिमीटरची ठिबकची नळी घ्या.

हे जवळून बघा. ठिबकच्या नळीचे १० सेंटिमीटरचे तुकडे उभे चिरले आहेत. चिरलेली नळी लगेच पुन्हा गोल व्हायला बघते, म्हणून गरम पाण्यात टाकून वजनाखाली रात्रभर सपाट केली. मग ६ अरुंद पट्ट्या मुठीभोवती सारख्या अंतरावर बसवल्या. ही नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला साधा फेव्हिक्विक धरत नाही. दोन दिवसांत पट्टी सुटते. दोन्ही टोकांना बारीक स्क्रू मारा, चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. लंडनमध्ये ज्या काळ्या पट्ट्या होत्या, त्याच इथे केळीच्या मुळाशी पाणी देणाऱ्या नळीतून निघाल्या.

(दृश्य : भंगाराचं दुकान. बंद पडलेल्या ट्यूबांचा ढीग.)

आता पातं. बंद पडलेली ४ फुटी एलईडी ट्यूब शोधा. पूर्ण गोल आणि दुधी प्लॅस्टिकची हवी. २६ मिलिमीटर जाडीची ही नळी प्रकाश छान पसरवते. नखाने टिचकी मारून पाहा. प्लॅस्टिक दबका आवाज देतं, काच खणखणते. काचेची घेऊ नका, आणि जुन्या पद्धतीच्या ट्यूबला तर हातच लावू नका, तिच्यात पारा असतो. आतलं सर्किट काढून ८० सेंटिमीटरवर कापा.

नळी २६ ची, रिड्यूसरचं तोंड २५ चं. शेतात पाइप जाळावर तापवून फुगवतात, तसं घरात करू नका; पीव्हीसी करपलं की आम्लाची वाफ सुटते. रिड्यूसरचं तोंड उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं धरा. ८० अंशांच्या पुढे पीव्हीसी नरम पडतं. नळी दाबून बसवा आणि थंड होईपर्यंत हलवू नका. एक आडवा स्क्रू मारला की पातं घट्ट राहतं, हवं तेव्हा निघतंही.

(दृश्य : जळगावचं गोलाणी मार्केट. काउंटरवर एलईडी पट्टीचं रीळ.)

मीटरला ६० दाण्यांची (छोट्या एलईडींची), डब्ल्यूएस२८१२बी नावाची पट्टी मागा. या पट्टीत प्रत्येक दाण्याला स्वतंत्र हुकूम देता येतो, म्हणून पातं टोकापर्यंत ‘चढताना’ दिसतं. ८० सेंटिमीटरचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे, एकूण ९६ दाणे. पट्टीवर बारीक बाण छापलेला असतो, तो मुठीकडून टोकाकडे जायला हवा. उलटी लावली तर एकही दाणा पेटत नाही, आणि माणूस तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

नुसती पट्टी नळीत घातली तर दाणे सुटेसुटे दिसतात. त्यावर उपाय केळीच्या खोक्यात आहे. निर्यातीच्या मालात फण्यांमध्ये पांढरा फोमचा कागद घालतात, त्याचा एक वेढा पट्टीभोवती द्या. फरक पडद्यावर दिसतोच आहे.

(दृश्य : बारावीतली एक मुलगी सोल्डर मारते आहे. क्लोजअप.)

पट्टीवरच्या तांब्याच्या टिकलीवर सोल्डरिंगचं टोक दोन-तीन सेकंदच टेकवायचं. जास्त वेळ धरलं तर टिकली उचलून येते. नॅनोचे हुकूम पट्टीकडे नेणाऱ्या (डेटाच्या) तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर, वीजपुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे दोन्ही गाळले तर सुरुवातीच्या झटक्याने पहिला दाणा मरू शकतो, आणि पहिला मेला की पुढचे सगळे अंधारात, कारण हुकूम एका दाण्यातून दुसऱ्यात जातो. अशा वेळी पट्टी फेकू नका. पहिला दाणा कापा, दुसऱ्याला तार जोडा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, “निळं चालतं, पांढरं केलं की विझतं, का?” एका दाण्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे असतात, प्रत्येकी साधारण २० मिलिअँपिअर. ९६ दाणे नुसते निळे म्हणजे जेमतेम २ अँपिअर. पांढऱ्यासाठी तिन्ही पेटतात, पावणेसहा अँपिअर लागतात. चार्जिंगच्या टीपी४०५६ मॉड्यूलवरचं संरक्षण ३ अँपिअरच्या आसपास वीज तोडतं. बिघाड काही नाही, मॉड्यूल आपलं काम करतंय. प्रोग्रॅममध्ये २००० मिलिअँपिअरची मर्यादा घाला. सेल संरक्षणाशिवाय वापरू नका, फुगलेला किंवा २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करू नका. लिथियमची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही.

(दृश्य : खोलीत दोन मोबाइल आणि एक छोटा स्पीकर.)

आणि आता तो सूर.

मूळ आवाज ‘स्टार वॉर्स’चे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी घडवला. जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची गुणगुण, आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळून जाताना तुटक्या वायरीच्या माइकने पकडलेली खरखर, हे दोन आवाज त्यांनी मिसळले. मग ते मिश्रण स्पीकरवर लावलं आणि स्पीकरसमोरून माइक सपकन फिरवला. तलवार फिरल्याचा ‘व्हूम’ असा आला.

इथे तेच चाललंय. डीपीची घरघर स्पीकरवर, रेकॉर्डिंग चालू असलेला मोबाइल हातात, हात स्पीकरपासून वीतभर अंतरावरून झपकन पलीकडे. पंधरा-वीस वेळा करा, चांगले चार तुकडे ठेवा. डीपीचं कुंपण मात्र ओलांडायचं नाही, रस्त्यावरूनही पुरेसं ऐकू येतं.

आवाज वाजवतो डीएफप्लेअर मिनी, मेमरी कार्डावरच्या फाइली वाजवणारं छोटं मॉड्यूल. त्याच्या खोडी माहीत असलेल्या बऱ्या. एक, फाइल संपून पुन्हा सुरू होताना मधे ‘टक्’ होतं, म्हणून घरघरीची फाइल ५ मिनिटांची करा. दुसरी, तो एका वेळी एकच फाइल वाजवतो, ‘व्हूम’ लागला की घरघर थांबते, म्हणून प्रत्येक ‘व्हूम’च्या खाली घरघर आधीच मिसळून ठेवा. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं हवं. नॅनोकडून येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला की स्पीकरमधली किरकिर जाते.

हाताची हालचाल ओळखतो एमपीयू६०५० हा सेन्सर. तो स्पीकरपासून लांब, स्क्रूने पक्का बसवा. सैल राहिला तर स्पीकरच्याच धक्क्याने हलतो, आणि टेबलावर ठेवलेली तलवारही लढत राहते.

भंगारातली ट्यूब आणि जुन्या लॅपटॉपचा सेल मिळाला तर सगळा खर्च साधारण हजार-बाराशेत बसतो. चांगला सेल असेल तर तासभर खेळता येतं.

(दृश्य : गिरणेचं पात्र, तिन्हीसांज. दोन पाती, एक निळं, एक हिरवं. निवेदन नाही. फक्त घरघर.)