कोण आलं गं?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी रात्री साडेआठला टीव्ही लागतो. कोचावर डावीकडे माझ्या सासूबाई, उजवीकडे मी, मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. सासूबाईंना मी आईच म्हणते. वय ८२. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेचं थोडंफार दिसतं, पण जिथे नजर लावावी तिथेच धुरकट डाग येतो. खिडकीचा पडदा हलला तर त्यांना कळतं, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र कळत नाही.

डोळे गेले तरी टीव्हीची वेळ काही त्यांनी सोडली नाही. त्या ऐकायला बसायच्या. मध्येच दार वाजलं, कुणाची पावलं ऐकू आली की विचारायच्या, "कोण आलं गं?" मी सांगायची. मग, "काय घातलंय तिने? रडतेय का?" असं करत करत मी रोज रात्री पडद्यावरचं त्यांना सांगू लागले. आज तुमच्याशी बोलणार आहे ते या सांगण्यातून माझी जी मतं बनली त्यांच्याबद्दल. मी समीक्षक नाही. पण गेल्या तीन वर्षांत मी जितकं लक्ष देऊन पाहिलं, तितकं आधीच्या तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

सुरुवात रोजच्या मालिकांनी झाली. त्या ऐकायला फार सोप्या. पात्रं एकमेकांना नावाने हाक मारतात, काय करणार ते आधी बोलून दाखवतात, मनातलंसुद्धा मोठ्याने बोलतात. मला सांगायला काही उरतच नसे. फक्त एका जागी आई दचकायच्या. ढोल बडवल्यासारखं संगीत तीनदा वाजायचं आणि त्या माझा हात धरायच्या, "काय झालं? पडलं का कुणी?" झालेलं काहीच नसायचं. एकाच बाईचा चेहरा तीन बाजूंनी दाखवलेला असायचा. महिनाभर हे चाललं आणि एके दिवशी त्याच म्हणाल्या, "बंद कर बाई. उगाच काळजात धस्स होतं."

मग आम्ही 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावली. अल्फा मराठीवर २००१ साली सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका. आठवड्याला एक भाग, आणि त्या अर्ध्या तासात एक गोष्ट सुरू होऊन मिटते. त्यातल्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, पहिलं वाक्य बोललं आणि आई खुदकन हसल्या. "हा तर आपला चिमणराव!" सत्तरच्या दशकाच्या शेवटी गिरगावातल्या चाळीत शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून त्यांनी कृष्णधवल 'चिमणराव' पाहिली होती. त्यातले आणि यातले दिलीप प्रभावळकर त्यांनी आवाजावरून जोडून दिले. मला ते नुसतं माहीत होतं, त्यांना ऐकू आलं. टिपऱ्यांच्या घरात माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, वाक्य अर्धं सोडतात, घरात बोलतात तशी. आई म्हणतात, डोळे मिटले की आपल्याच स्वयंपाकघरातून आवाज येतोय असं वाटतं. लिहिणाऱ्यांचं आणि नटांचं यापेक्षा मोठं कौतुक मला सुचत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावताना मला धाकधूक होती. संथ चित्रपट, कॅमेरा लांब ठेवलेला, हलत नाही. आई कंटाळतील असं वाटलं. झालं उलटंच. न्यायाधीश साक्ष ऐकतात आणि टंकलेखकाला आपल्या भाषेत उतरवून सांगतात, ते आईंना पुरतं कळलं, कारण तारखांसाठी त्यांनी स्वतः दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घातलेत. त्यात गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. ती सांगते, तो आधी गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. ती हे रडत नाही सांगत. सरळ, सपाट आवाजात सांगते. मागे संगीत नाही, काही नाही. आईंच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. मालिकेतल्या त्या तीन ढोलांनी जे झालं नव्हतं, ते या सपाट आवाजाने झालं.

पण काही चित्रपट असे की तिथे आवाज पुरत नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मी चित्रपटगृहात पाहिलेला होता. २०१४ साली. आवडलाही होता. आईंना सांगताना कळलं की मी तो अर्धाच पाहिला होता.

जातीवरून हिणवल्या जाणाऱ्या घरातला शाळकरी मुलगा जब्या आणि त्याच्या घरचे गावातलं डुक्कर पकडायला धावताहेत. आरडाओरडा, गावातल्या पोरांचं खिदळणं, सगळं ऐकू येतं. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. आणि धावण्याचा आवाज थांबतो. आई म्हणाल्या, "काय झालं? पकडलं का?" म्हटलं, "नाही आई. सगळे उभे राहिलेत. आहेत तिथे, ताठ." "आणि डुक्कर?" "डुक्कर निघून चाललंय. त्यांच्यासमोरून." आई काही बोलल्या नाहीत. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून ते खांद्यावरून नेतात, आणि मागे शाळेची भिंत येते. मी म्हणाले, "भिंतीपाशी आलेत." आई म्हणाल्या, "कसली भिंत? भिंतीवर काय आहे?" त्यांनी विचारलं म्हणून मी पाहिलं. बाबासाहेबांचं चित्र. सावित्रीबाईंचं चित्र. त्या चित्रांपुढून ती काठी चाललेली. कुणी एक शब्द बोलत नाही. पहिल्या खेपेला माझे डोळे डुकरावर होते आणि भिंत माझ्याकडून सुटून गेली होती. एका न दिसणाऱ्या बाईने मला ती दाखवली.

माजिद माजिदी यांच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन' या १९९७च्या इराणी चित्रपटात असंच झालं. भावा-बहिणीत एकच बुटाची जोडी, ती दोघं आळीपाळीने घालून शाळेत जातात. भाषा फारसी, तेव्हा खालच्या ओळीही मीच वाचायच्या. शेवटी बाप सायकलवरून येताना दिसतो आणि सायकलला नवे बूट बांधलेले दिसतात. दोन-तीन सेकंद, बस. पोरांना अजून ठाऊक नाही, कुणी बोलूनही दाखवत नाही. मी सांगितलं नसतं तर आईंसाठी ती गोष्ट रडत संपली असती.

सांगायचं कसं, हेही मला आईंनीच शिकवलं. सुरुवातीला मी म्हणायची, "तिला फार वाईट वाटतंय." आई चिडायच्या. "वाईट वाटतंय ते मी ठरवीन. तू बाळ पंडितांसारखं सांग." बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे ते माझ्या पिढीलाही आठवतं. चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुणीकडे धावला, हे ते सांगायचे आणि मैदान घरात यायचं. तेव्हापासून मी फक्त दिसतं तेवढंच सांगते. पदर डोळ्याला लावला. खिडकीकडे वळली. ताट तसंच आहे. तेही दोन संवादांच्या मधल्या जागेत, संवादावर न चढता. चांगल्या चित्रपटात ती जागा मिळते. वाईट चित्रपटात मिळत नाही, तिथे संगीत भरून ठेवलेलं असतं. चित्रपट चांगला की वाईट हे आता मी या एका खुणेवरून बऱ्यापैकी ओळखते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर दिसतं ते आवाजात सांगणं, हवं, असं त्यात आहे. मला मनापासून वाटतं की हे घरातल्या पडद्यावरही यावं, आपल्या जुन्या मराठी चित्रपटांना मिळावं, आणि ते मराठीतून असावं. हे काम करणारे आवाज आकाशवाणीने घडवलेले आहेतच. प्रत्येक घरात सांगायला माणूस मोकळा असतो असं नाही.

एक चित्रपट मी टाळत होते. 'श्वास'. संदीप सावंत यांचा, २००४ चा. 'श्यामची आई'नंतर ५० वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळवून देणारा. कोकणातला लहान मुलगा, डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. ही गोष्ट मी आईंना कोणत्या तोंडाने सांगू? एका रात्री त्यांनीच नाव घेतलं. "लाव. त्यात अरुण नलावडे आहे ना? मला ऐकायचाय तो आजोबा."

लावला. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा पोराला घेऊन इस्पितळातून निघून जातात. डोळे जायच्या आधी त्याने जग बघून घ्यावं म्हणून. तिथे माझा आवाज गेला. पडद्यावर पोरगं बघतंय, आणि मी गप्प. आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "थांबू नकोस. तो बघतोय ना? मग सांग."

मी सांगितलं. रस्त्यावर काय दिसतंय, पोराच्या तोंडावर ऊन कसं पडलंय, आजोबा रस्त्याकडे न बघता त्याच्याकडेच कसे बघताहेत, सगळं. चित्रपट संपल्यावर त्यांनी वाटीतले उरलेले दाणे चाचपले, निम्मे माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "उद्या काय लावायचं?"

आज आम्ही जब्बार पटेलांचा 'सामना' लावणार आहोत. डॉक्टर लागू आणि निळू फुले. आईंनी बजावलंय की त्यात मध्ये फार बोलायचं नाही, ते दोन आवाज त्यांना नीट ऐकायचेत. दाणे भाजून ठेवले आहेत.

नमस्कार.