लॅमिनेट केलेली निर्दोष मुक्तता

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘इंटरनेटवरून आपलं नाव कसं काढावं’. चिटणीस म्हणाले, हा विषय ठेवला की तरुण येतील. मला समोर दिसतायत ते आमच्या कोर्टाच्या बार रूममधलेच चेहरे, आणि मागच्या रांगेत दोन पत्रकार. त्यांनी चहा होईपर्यंत थांबावं, कारण आज थोडी बोलणी त्यांनाच बसणार आहेत.

मी फौजदारी वकील. आरोपी सुटला की काम संपलं, असं मी निम्मी वकिली होईपर्यंत धरून चाललो. फी आली नसली तरी संपलं. आता संपत नाही. निकालानंतर चार-सहा महिन्यांनी तोच पक्षकार पुन्हा दारात उभा: “साहेब, ते गूगलवरचं काढून द्या ना.”

पूर्वी हे काम रद्दीवाला करायचा. ‘तिघांना अटक’ असं शुक्रवारी छापून आलं, की पुढच्या आठवड्यात त्याच कागदात भेळ मिळायची, आणि चटणी लागली की नावं वाचता यायची नाहीत. गावाच्या लक्षात राहायचं, नाही असं नाही. पण गावाला पुढचंही ठाऊक असायचं. फिर्यादी फिरला, भांडण मुळात बांधाचं होतं, दोघं आता एकाच पंगतीला बसतात. गूगलला बांध दिसत नाही.

एक किस्सा सांगतो. माझ्या ज्युनियरनं तो इतक्यांदा ऐकलाय की ती बघा, मोबाईल काढून बसली. विसर्जनाची मिरवणूक. दोन मंडळं चौकात समोरासमोर, पुढे कोण जाणार यावरून बाचाबाची, मग ढकलाढकली, मग एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी अकरा जण उचलले. त्यात एक एकवीस वर्षांचा पोरगा, आरोपी क्रमांक चार. नाव सांगणार नाही, आणि तुम्ही ओळखलंत तरी गप्प बसा. हा ताशा वाजवत होता. पंचनाम्यात काय लिहिलंय? ‘आरोपीच्या ताब्यातून सुमारे एक फूट लांबीच्या दोन काठ्या जप्त.’

सहा वर्षं केस चालली. पंचाच्या उलटतपासात मी म्हटलं, काठ्या दाखवा. मुद्देमालाचं पाकीट आलं, लाखेचं सील फोडलं, आणि त्यातून निघाल्या ताशाच्या दोन बारीक वेताच्या काड्या. एकीचं टोक उंदरानं कुरतडलेलं. पंच त्या काड्यांकडे बघतोय, न्यायाधीश पंचाकडे बघतायत. मी म्हटलं, हेच का ते हत्यार? पंच म्हणाला, “तेव्हा जाड होत्या.” (हशा)

अकराच्या अकरा निर्दोष. आता पत्रकार मंडळी, नीट ऐका. अटकेची बातमी दुसऱ्याच दिवशी आली होती. फोटोसकट: मागे अधिकारी उभे, पुढे अकरा जण उकिडवे. खाली अकरा नावं, वय, आळी, सगळं. सुटकेची बातमी पाचव्या पानावर, तीन ओळी: ‘मिरवणूक प्रकरणी सर्व आरोपी निर्दोष.’ छापली याबद्दल आभारच. पण त्यात एकही नाव नाही. म्हणजे या पोराचं नाव टाकून शोधलं तर कुठली बातमी येणार? अटकेचीच. सुटकेच्या बातमीत तो नाहीच. खोटं कोणी काहीच छापलं नाही, आणि तरी सगळं मिळून खोटं झालं.

मग सुरू झालं स्थळं बघणं. मुलीकडचे पत्रिका मागतात, बायोडाटा मागतात आणि हळूच नाव गूगलवर टाकतात. तीन स्थळं मोडली. त्याच्या आईनं काय करावं? निकालाची नक्कल काढली, कोर्टाचा शिक्का असलेलं शेवटचं पान लॅमिनेट करून घेतलं, आणि कांद्यापोह्यांच्या कार्यक्रमाला पर्समध्ये घालून न्यायला लागली. पोहे आले की पान बाहेर. चौथ्या ठिकाणी मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी अख्खा निकाल मागवून वाचला आणि म्हणाले, “यात ‘संशयाचा फायदा’ लिहिलंय. म्हणजे काहीतरी असणारच.” मास्तरांना काय सांगणार, आमच्याकडे हा शब्द सवयीनं लिहितात, शाळेत ‘वर्तणूक चांगली’ लिहितात तसा. पोलीस भरतीतही हेच बघतात, सन्मानानं सुटलात की नुसतेच सुटलात.

मी त्या वृत्तपत्राला फोन केला. संपादक सज्जन माणूस. म्हणाला, “वकीलसाहेब, अटक झाली होती ना? मग बातमी खरी आहे. खरी बातमी मी का काढू?” आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्याला. तो बरोबरच बोलत होता.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ मूळ विषय तर अजून तसाच आहे. बरं, धावत सांगतो.

संपादकाला द्यायचं उत्तर मला सापडलं स्पेनमध्ये. तिथल्या एका गृहस्थाच्या घराच्या लिलावाची नोटीस १९९८ साली पेपरात आली होती, थकलेल्या देण्यापोटी. बारा वर्षांनीसुद्धा नाव टाकलं की तीच वर यायची. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं आणि १३ मे २०१४ ला निकाल लागला: पेपरातली नोटीस राहू दे, पण त्या माणसाच्या नावानं शोधलं तर सर्च इंजिननं ती दाखवायची नाही. (गंमत म्हणजे त्याचं ते देणं आता जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. म्हणून मी नाव घेत नाही.) माझंही म्हणणं एवढंच. बातमी जाळू नका. मिरवणुकीत राडा झाला होता हे राहायलाच हवं, अभ्यासाला, इतिहासाला, पुढच्या वर्षीच्या बंदोबस्ताला. ‘मिरवणूक राडा’ शोधणाऱ्याला ती सापडू दे. पोराचं नाव शोधणाऱ्याला नको.

आपल्याकडे काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भारतीय वंशाच्या एका अमेरिकन नागरिकाला अंतरिम दिलासा दिला. इथे अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटला, तिकडे कायदा शिकला, पण निकाल गूगलवर दिसतो म्हणून नोकरी मिळेना. न्यायालय म्हणालं, तो निकाल सर्चमध्ये येऊ देऊ नका. मद्रास उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच सुटलेल्या माणसाचा निकाल एका संकेतस्थळावरून उतरवायला सांगितला. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. म्हणजे भिजत घोंगडं.

उलट्या बाजूचा कायदा मात्र ठणठणीत. २०१६ पासून, संवेदनशील गुन्हे सोडून, एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकावा लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३७ म्हणतं, अटक झालेल्यांची नावं-पत्ते प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावा, डिजिटल स्वरूपातही. हेतू चांगला आहे, माणूस उचलून गायब करता येऊ नये. पण तो निर्दोष सुटला तर तेही त्याच फलकावर लावा, असं त्या कलमात कुठे नाही. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? कलम १२ मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, पण कायद्यानं जाहीर करावी लागलेली माहिती मुळात त्या कायद्याच्या बाहेर. शिवाय नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य कलमांना पुढे अठरा महिन्यांची मुदत.

मग करायचं काय? एक, निकालाची नक्कल जोडून वृत्तपत्राला लेखी अर्ज द्या, आणि ‘काढा’ म्हणू नका. ‘त्याच पानावर वर निर्दोष झाल्याची ओळ घाला, आणि हे पान सर्चला बंद करा’ म्हणा. बातमी जागच्या जागी राहते, संपादकाचा बाणाही राहतो. दोन, पत्ता, फोन नंबर, आधार उघडा पडला असेल तर गूगलचा स्वतंत्र फॉर्म आहे, तो भरा. तिथे वकील लागत नाही. तीन, कोर्टात जाणार असाल तर पहिल्याच अर्जात नाव गुप्त ठेवण्याची परवानगी मागा, नाहीतर नाव पुसण्याच्या अर्जामुळेच आणखी एक आदेश नावासकट वर चढतो. चार, पैसे घेऊन ‘सगळं साफ करतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. अमेरिकेत अटकेचे फोटो लावायचे आणि काढायचे पैसे घ्यायचे असा धंदाच निघाला होता. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियानं त्यातल्या काहींवर खंडणीचा आरोप ठेवला.

दुसरी चिठ्ठी. ‘आटोपा’ नाही लिहिलेलं, ‘त्या मुलाचं लग्न झालं का?’ असं लिहिलंय. झालं हो, गेल्या वैशाखात. आईनं सवयीनं पर्समधून लॅमिनेट केलेलं पान काढलं, तर मुलीकडच्यांनी नुसतं बघून परत दिलं. मुलीचा मामा त्याच खटल्यात आरोपी क्रमांक सात होता.