साथीचा पहिला रुग्ण कोणत्या दाराने येतो?

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईच्या रुग्णालयांत राबणारे डॉक्टर, सिस्टर, मामा आणि मावशी, आजचं बोलणं तुमच्याशी आहे.

साथ आली की सगळे आधी खाटा मोजतात. आमच्या मते आधी दार बघावं. पहिला रुग्ण 'मला गोवर झालाय' असं सांगत येत नाही. तापाने फणफणलेलं लेकरू आईच्या खांद्यावर असतं, केसपेपरची रांग लांबलेली असते आणि पावसामुळे खिडक्या लावलेल्या असतात. रुग्ण निघून गेला तरी गोवराचा विषाणू बंद जागेतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणून ताप, पुरळ, खोकला याची विचारपूस फाटकापाशीच व्हायला हवी. उत्तर 'हो' आलं की मास्क द्या आणि बाजूच्या दाराने वेगळ्या खोलीत न्या. तान्हं मूल मास्क ठेवणार नाही. तिथे झटापट नको, सरळ खोली गाठा. त्या खोलीत गोवराच्या लशीचे दोन्ही डोस झालेल्यांचीच ड्युटी लावा.

आता ती खोली कशी हवी? सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये बहुधा इथेच चूक होते. स्प्लिट एसी लावला की खोली गार होते, पण हवा तीच ती फिरत राहते. हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट फॅनच लागतो. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी तासाला १२ वेळा हवा बदलली पाहिजे. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर ३६ घनमीटर हवा झाली. तिच्या १२ पट म्हणजे ताशी ४३२ घनमीटर. जाळी आणि धूळ हवा अडवतात, म्हणून फॅन याहून मोठाच घ्या. त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा जिन्याकडे नको.

मग दार लावून टिश्यू पेपरची पट्टी दाराखालच्या फटीशी धरा. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. बाहेर फडफडली तर खोलीतली हवा पॅसेजमध्ये येते आहे. रुग्ण हलवल्यावर १२ बदलांच्या खोलीलाही साधारण ३५ मिनिटं मोकळी ठेवावी लागते. हवा तासाला दोनदाच बदलत असेल तर जवळजवळ साडेतीन तास.

रक्त-उलटी पुसायला १ टक्का क्लोरीनचं पाणी लागतं. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर लिटरला ३३ ग्रॅम घ्या. दमट हवेत पावडर मरते, तेव्हा डबा घट्ट लावा आणि द्रावण रोज ताजं करा. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

शेवटी ऑक्सिजन. ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला १० लिटरने एका रुग्णाला साडेअकरा तास पुरतो. तोच हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटरने दोन तासही टिकत नाही. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा. आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडून पाइपने वॉर्डात ऑक्सिजन सोडतात त्या, खोलीची किल्ली रात्रपाळीत कोणाकडे असते, ते आजच विचारा.