कॅमेऱ्याचे भाडे आणि कॅमेऱ्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईत छायाचित्रणाची हौस किंवा व्यवसाय असलेल्या अनेकांच्या मनात महागडी लेन्स हप्त्यावर घेताना एक हिशेब असतो. आपल्याला नको असेल त्या दिवशी ती भाड्याने द्यायची, म्हणजे हप्ता परस्पर सुटतो. हिशेब जुळू शकतो. पण तो ज्या घाईने मांडला जातो, त्या घाईने मात्र जुळत नाही.

समजा, लांबचे टिपणारी आणि कमी उजेडातही चालणारी 70-200 मिलीमीटरची, एफ 2.8 ची लेन्स 2 लाख रुपयांना घेतली आणि तिला दिवसाला 1,500 रुपये भाडे मिळते. भागाकार केला तर 134 दिवसांत पैसे वसूल, म्हणजे साडेचार महिन्यांचा प्रश्न, असे वाटते. प्रत्यक्षात या लेन्सला गिऱ्हाईक मिळते ते तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच्या लग्नसराईत, पुढे दहीहंडी, गणपती आणि नवरात्रात. बाकीचे दिवस ती कपाटात असते. वर्षाकाठी 40 दिवस बाहेर गेली, तर चांगले वर्ष म्हणायचे. त्याचे 60,000 रुपये येतात. विमा, सफाई, किरकोळ दुरुस्ती यांचे 12,000 वजा केले, तर 48,000 उरतात, आणि तीन वर्षांचे होतात 1,44,000. राहिलेले 56,000 लेन्स विकूनच उभे करावे लागतात. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही.

खरी अडचण तारखांची आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला स्वतःला ज्या मुहूर्ताला लेन्स हवी असते, नेमक्या त्याच मुहूर्ताला ठाणे, कळवा, डोंबिवलीतल्या प्रत्येक समव्यावसायिकालाही ती हवी असते. आणि मालकाकडे ती मोकळी असते, तेव्हा कोणाकडेच काम नसते. म्हणून ज्यांचा स्वतःचा हंगाम मागणीच्या हंगामापेक्षा वेगळा आहे, त्यांना हा व्यवहार सर्वांत चांगला साधतो. उदाहरणार्थ, पावसाळ्यात येऊरच्या जंगलात किडे, कोळी आणि बेडूक टिपणाऱ्या निसर्गप्रेमीकडची 100 मिलीमीटरची मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स घ्या. पाऊस सरला की तिचे घरचे काम बरेच कमी होते, आणि दागिने, अंगठ्या, मेंदी जवळून टिपण्यासाठी लग्नवाल्यांना तीच हवी असते. पक्ष्यांसाठी घेतलेल्या 200-600 मिलीमीटरच्या लेन्सचे मात्र तसे नाही. ठाणे खाडीत आणि सीवूड्सच्या पाणथळीवर रोहित पक्षी असतात तेव्हा रविवारी पहाटे मालकही तिथेच जाणार असतो.

लेन्सऐवजी कॅमेऱ्याची बॉडी भाड्याने देण्याच्या मी विरुद्ध आहे. एका लग्नात दिवसाला चार हजार फोटो सहज निघतात. 40 दिवसांचे 1,60,000 झाले, आणि अनेक चांगल्या बॉडींच्या मेकॅनिकल शटरचे, म्हणजे फोटो घेताना उघडझाप करणाऱ्या पडद्याचे, आयुष्य साधारण 2 लाख फोटोंचे धरले जाते. त्यातच दोन-तीन वर्षांत नवे मॉडेल येते आणि जुन्याचा भाव पडतो. लेन्सचा भाव एवढ्या वेगाने उतरत नाही.

घोडबंदर रोडवरच्या बंगल्यांत मालिकांची चित्रीकरणे चालतात, तेव्हा ती गिऱ्हाइके आपल्याला मिळतील, अशीही आशा असते. निर्मितीसंस्था सहसा अंधेरीसारख्या ठिकाणच्या मोठ्या भाडेव्यवसायांकडून सगळा संच साहाय्यकासह उचलतात. एका लेन्सच्या मालकाशी बोलायला त्यांना सवड नसते. आपले गिऱ्हाईक ओळखीतले, किंवा ओळखीच्याने पाठवलेले असावे, आणि ते बरेही असते, कारण आधारकार्डाची प्रत देऊन नेलेला कॅमेरा परस्पर विकल्याच्या किंवा गहाण टाकल्याच्या तक्रारी पोलिसांकडे होत असतात.

वस्तू देताना दहा मिनिटे काढावीत. लेन्सचे झाकण उघडून मागच्या बाजूने टॉर्च मारला की आतली धूळ, बुरशीचे जाळे, ओरखडा स्पष्ट दिसतो. माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कड्याचे स्क्रू, फिल्टरच्या कड्यावरचा पोचा, झूमची रिंग सैल आहे का, हे गिऱ्हाइकासमोर पाहून, लेन्सवरच्या क्रमांकासह मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. हूड, दोन्ही झाकणे आणि पाऊच मोजून द्यावेत. मूळ बॅटरी जाऊन तिच्या जागी भलतीच परत येते, म्हणून बॅटरीवर खूण करावी. ओरखडा आधीचा की नंतरचा, यावरच भांडणे होतात, आणि ती या व्हिडिओने मिटतात.

कागदाचा कंटाळा करू नये. भारतीय करार कायदा, 1872 यातील कलम 151 आणि 152 एकत्र वाचली, तर वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य समजदार माणसाइतकी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर ती हरवल्याची किंवा खराब झाल्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. थोडक्यात, लोकलमध्ये लेन्स चोरीला गेली आणि त्याने काळजी घेतली होती असे ठरले, तर आपण हात चोळत बसायचे. म्हणून चोरी आणि मोडतोडीची भरपाई कोण, किती देणार, हे लिहून घ्यावे. कलम 150 मात्र मालकाकडे बोट दाखवते: भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर तो दोष मालकाला ठाऊक नसला तरी तो जबाबदार ठरतो.

विमा घेताना वस्तू भाड्याने दिली जाणार आहे, हे कंपनीला लेखी कळवून उत्तर लेखीच घ्यावे. घरगुती सामानाच्या पॉलिसीवर विसंबू नये. भाडे करपात्र असते. ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवले, तर कॅमेऱ्यावर 15 टक्के घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, घेता येतो, तेव्हा खरेदीचे बिल स्वतःच्या नावाने असावे. केवळ सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही.

राहता राहिले भाकड महिने. आपल्याकडच्या दमट हवेत बंद बॅगेतल्या लेन्सला जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरते आणि ती एकदा काचेवरच्या कोटिंगमध्ये शिरली की सफाईनेही पूर्ण जात नाही. 40 ते 50 टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट हा म्हणूनच भांडवली खर्चाचा भाग आहे; तो खरेदीच्या दिवशीच मोजावा. विकायची वेळ आली, तर जाणकार व्यापारी बिल आणि मूळ खोके पाहतो, टॉर्च मारतो आणि बुरशी दिसली की भाव पाडतो. त्यामुळे मुंबईत बोरा बाजारात न्यायची असो वा इथल्याच एखाद्या छायाचित्रकाराला द्यायची असो, तिसऱ्या वर्षी लेन्स विकायची ठरवली असेल, तर ती पावसाळ्याआधी विकावी.